आधी काय चालत नाही ते सांगा

महोदय,

कालच्या पुरवणीतील ‘हायकू’ या ऑपरेटिंग सिस्टीमवरचा अर्ध्या पानाचा लेख वाचला. खरे तर मला आनंद व्हायला हवा होता, कारण गेली अनेक वर्षे मी ही सिस्टीम हौसेने वापरतो आणि तिचे नाव कधीतरी दैनिकात छापून यावे, अशी माझी जुनी इच्छा होती. लेखात ‘वेगवान’ हा शब्द नऊ वेळा आला आहे (मी मोजला), पण वाय-फाय आणि प्रिंटर हे शब्द एकदाही आलेले नाहीत. विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने ज्यांचे जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, त्यांनी ‘आजच हायकूकडे वळावे’ असा सल्ला आपले लेखक देतात, तेव्हा त्या वाचकांची कीव येते. त्यांचे फोन उद्या माझ्यासारख्यांनाच येणार आहेत.

एक चूक तरी उद्याच्या अंकात दुरुस्त करावी. हायकू ही ‘लिनक्सचीच एक आवृत्ती’ नाही. तिचा गाभा स्वतंत्र आहे आणि घराणे बीओएसचे, म्हणजे ‘बी’ नावाच्या कंपनीच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचे आहे. ॲपलने १९९६ साली बीओएस सोडून नेक्स्ट या दुसऱ्या कंपनीच्या सिस्टीमला पसंती दिली, याची हळहळ लेखात तीन परिच्छेद चालली आहे. आम्हा जुन्या भक्तांना ती तोंडपाठ असते, नव्या माणसाला तिचा उपयोग काय? त्याला सांगायचे ते एवढेच, की बी कंपनीची मालमत्ता २००१ साली पाम या कंपनीकडे गेली, त्याच वर्षी स्वयंसेवकांनी ही सिस्टीम नव्याने लिहायला घेतली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीलाही ते ‘बीटा ५’ म्हणतात. सिस्टीम घडवणारे स्वतः तिला चाचणीच्या अवस्थेतली म्हणत असताना आपले लेखक तिला ‘परिपूर्ण’ कशाच्या आधारावर ठरवतात, हे कळत नाही.

हा राग केवळ तात्त्विक नाही. हेच पाप मी स्वतः केलेले आहे. काही वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीच्या यजमानांच्या जुन्या लॅपटॉपवर मी अशीच एक अल्पपरिचित सिस्टीम चढवली. (ती हायकू नव्हे, तिचे नाव देत नाही, कारण दोष तिचा नव्हता.) लॅपटॉप दहा-बारा सेकंदांत सुरू झाला, मी एकदम चार व्हिडिओ लावून दाखवले, भाऊजी खूश झाले. वाय-फाय चालत नाही हे मला आधीच ठाऊक होते, म्हणून मी पिशवीतून स्वतःची केबल आणली होती आणि ती बोलता बोलता, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, मागच्या बाजूने राउटरला जोडली होती. निघताना सवयीने ती गुंडाळून पिशवीत टाकली. मी घरी पोहोचण्याआधीच फोन आला, ‘अरे, तू गेलास आणि तुझ्याबरोबर इंटरनेटही गेले.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी एक मराठी पत्र उघडले, तर ‘किती दिवस’ मधल्या दोन्ही ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या उजव्या बाजूला जाऊन बसलेल्या. प्रिंटरपर्यंत तर आम्ही पोहोचलोच नाही. आठवड्याभरात जुने विंडोज परत आले, आणि आज त्याच लॅपटॉपवर साधे, सरळ चालणारे लिनक्स घालून देतो म्हटले, तरी भाऊजी ‘तुझी पिशवी आधी दाखव’ म्हणतात. एका माणसाला लिनक्सपासून कायमचे दूर करण्याचे काम मी एका दुपारी केले. आपल्या लेखकांनी ते एका अंकात किती घरांत केले असेल?

वाय-फाय न चालण्यामागे काही गूढ नाही. चिप बनवणारे तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा छोटा प्रोग्रॅम, लिहितात तो मुख्यतः विंडोजसाठी. हायकूचे मूठभर स्वयंसेवक फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या दुसऱ्या दोन ऑपरेटिंग सिस्टीमचे ड्रायव्हर जुळवून घेतात, त्यामुळे एकाच्या लॅपटॉपवर सगळे पहिल्या झटक्यात चालते आणि शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर काहीच नाही. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून सिस्टीम सुरू करून पाहायची, वाय-फाय, आवाज आणि पडदा तपासायचा आणि मगच हार्ड डिस्कला हात लावायचा. हे एक वाक्य लेखात असते, तर हे पत्र मी लिहिले नसते.

बरे, स्तुतीच करायची होती, तर स्तुतीजोगे काय थोडे आहे? हायकूमध्ये प्रत्येक ईमेल ही एक स्वतंत्र फाइल असते आणि पाठवणारा, विषय, तारीख ही माहिती त्या फाइललाच चिकटलेली असते. त्यामुळे ‘अमक्याकडून आलेली, न वाचलेली पत्रे’ असा शोध लावून ठेवला, की नवे पत्र येताच ते त्या उघड्या खिडकीत आपोआप दाखल होते, वेगळा मेल प्रोग्रॅम उघडावाही लागत नाही. दोन वेगळ्या प्रोग्रॅमच्या खिडक्या त्यांच्या पिवळ्या पट्ट्या जुळवून एकाच चौकटीत बसवता येतात. पाहणाऱ्याचे डोळे चमकतात ते इथे. वेगाचे कौतुक आता प्रत्येक नवा फोनही करतो. पण हे लिहायला ती सिस्टीम दोन दिवस वापरावी लागते, आणि आपल्या लेखकांनी ते कष्ट घेतले असावेत, असे दिसत नाही.

जाता जाता आणखी एक. लेखाखाली ‘सविस्तर माहिती आमच्या संकेतस्थळावर’ असे छापले आहे. ते मी काल रात्री हायकूवरूनच उघडून पाहिले. जाहिरातीची एक मोठी चौकट आली, ती बंद करायची फुली पडद्याबाहेर राहिली, आणि मागे लेखाचे फक्त शीर्षक दिसत होते, ‘आजच वळा’. सविस्तर माहिती मी शेवटी फोनवर वाचली.

आपला,
एक जुना वाचक