माझ्या चार हजार खुर्च्या कोणाच्या हिशोबात? विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. आमचा टेंट हाऊसचा धंदा आहे. आजेसासऱ्यांनी तो सतरंज्या आणि गॅसबत्त्यांवर उभा केला. गणपतीच्या मंडळांना आणि मुंजी-लग्नांना सामान द्यायचं, एवढंच तेव्हा काम होतं. आता आमच्याकडे खुर्च्या, कनाती, लोखंडी मंच, सोफे, बॅरिकेड, सगळं आहे. वसुलीची धावपळ माझे यजमान करायचे आणि वही मी लिहिते. सासूबाईंनी ती माझ्या हातात दिली त्याला एकतीस वर्षं झाली. आपला वेळ मोलाचा आहे हे मी जाणते, पण निवडणूक खर्चाच्या कायद्यातली एक फट आमच्या घराच्या मुळावर आली आहे, म्हणून आपल्याला त्रास देत आहे.

गेल्या मंगळवारी दुपारी दुकानात फोन आला. सत्कार समारंभ आहे, आठशे खुर्च्या, दोन सोफे, मंच आणि गालिचा पाठवा. पैशाचं विचारलं तर उत्तर आलं, "भाभीजी, पिछला भी इसी में निकाल देंगे." मागचं म्हणजे 2023 च्या विधानसभा निवडणुकीचं. फोन ठेवल्यावर माझा हात थरथरत होता. त्या दिवसापासून हे पत्र मनात लिहिते आहे.

त्या निवडणुकीत आम्ही एका पक्षाच्या तीन सभांचं काम घेतलं. पक्षाचं आणि उमेदवाराचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांनी पैसे बुडवले त्यांना ते ठाऊक आहे, आणि दुसऱ्या पक्षांचं काम केलेल्या टेंटवाल्यांशी बोलले तेव्हा कळलं की नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते.

मतदान 17 नोव्हेंबरला होतं आणि लक्ष्मीपूजन 12 ला. ऐन दिवाळीत मजूर भिंड-मुरैन्याला आपापल्या गावी गेलेले. दुप्पट मजुरी देऊन माणसं परत बोलावली. पाडव्याला मी ओवाळणीचं ताट तयार ठेवून बसले होते आणि यजमान मैदानावर बल्ल्या रोवत होते. शेवटची सभा मोठ्या नेत्यांची होती. तिला चार हजार खुर्च्या लागल्या. अडीच हजार आमच्या, दीड हजार दुसऱ्या दोन दुकानांतून भाड्याने उचललेल्या. त्या दुकानदारांचे पैसे आम्ही आठवड्याच्या आत चुकते केले, कारण उद्या त्यांच्या दारात पुन्हा उभं राहायचं असतं.

तिन्ही सभांचं बिल 5,60,000 रुपये झालं. त्यावर 18 टक्के जीएसटी 1,00,800. एकूण 6,60,800. आगाऊ म्हणून एक लाख मिळाले होते, तेही रोख, तीन वेळा मिळून. उमेदवाराने पूर्ण निवडणुकीत एका माणसाला 10,000 रुपयांच्या वर रोख द्यायचे नाहीत हा नियम मला तेव्हा माहीत नव्हता. आमची आणखी एक चूक आहे, तीही सांगते. आगाऊ रक्कम देताना त्यांच्या माणसाने शिक्का मारलेली तीन कोरी बिलं मागितली आणि यजमानांनी दिली. धंद्यात अशी बिलं मागतात, आणि दिली नाहीत तर काम दुसरीकडे जातं.

"निकाल लागला की हिशोब करू," असं त्या माणसाने सांगितलं. निकाल 3 डिसेंबरला लागला. उमेदवाराकडे गेलो तर म्हणाले, ती सभा पक्षाची होती, पक्षाच्या कार्यालयात जा. पक्षाच्या कार्यालयात गेलो तर म्हणाले, मंचावर उमेदवार बसला होता, म्हणजे खर्च उमेदवाराचा. यजमानांनी असे किती हेलपाटे घातले ते मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे. सव्वीस.

मंत्रिमहोदय, पैसे आले नाहीत तरी बिलाचा जीएसटी भरावाच लागतो. 20 डिसेंबरच्या आत रिटर्न भरायचं होतं. न मिळालेल्या पैशावरचा कर मी भरला. बिल बुडालं म्हणून तो परतही मिळत नाही. लग्नसराई सुरू झाली होती, सभेत दोनशे बारा खुर्च्या मोडल्या होत्या, एक गालिचा जळला होता, आणि डागडुजीला हातात पैसा नव्हता. ग्वाल्हेरचा मेळा आमच्यासारख्यांचं वर्षभराचं पीक असतो. त्या वर्षी मेळ्यातलं एकही काम आम्हाला घेता आलं नाही. माझ्या पाटल्या मोडल्या. सासूबाईंच्या हातातल्या होत्या त्या. जानेवारीत यजमानांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. बल्ली रोवणारा माणूस आता दुकानात खुर्चीवर बसून असतो आणि फोन वाजला की माझ्याकडे बघतो. याचा कायद्याशी काय संबंध, असं कोणी मला विचारू नये. संबंध आहे, तेच पुढे सांगते.

मुलाने कुठेतरी वाचलं होतं की उमेदवाराचा खर्चाचा हिशोब कोणीही बघू शकतो. 1961 च्या निवडणूक नियमांत तशी तरतूद आहे, आणि शुल्क एक रुपया. जिल्हा निवडणूक कार्यालयात मी एक रुपया भरला. तिथल्या बाबूंनी वही नीट दाखवली, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोख रकमेची, पिवळी बँकेची. मी जन्मभर वही लिहिली आहे, त्यामुळे दहा मिनिटांत आमचं नाव सापडलं. आमच्या शिक्क्याची तीन बिलं होती, आकडे परक्या हातचे. तिन्ही मिळून 71,500 रुपये. चार हजार खुर्च्यांच्या जागी सातशे. सोफ्यांचा उल्लेख नाही, मंच निम्म्या मापाचा. आणि शेरा काय? पूर्ण रक्कम अदा.

म्हणजे कागदावर आमचं काहीच येणं उरलेलं नाही.

मग पक्षाने निवडणूक आयोगाला दिलेलं खर्चाचं विवरण मुलाने शोधून काढलं. कोट्यवधींचे आकडे, एकाखाली एक. आमच्या दुकानाचं नाव मला त्यात सापडलं नाही. उरलेले चार लाख अठ्ठ्याऐंशी हजार पाचशे, कर वगळून, उमेदवाराच्या वहीत नाहीत आणि पक्षाच्या कागदावरही नाहीत. ते फक्त माझ्या वहीत आहेत. आणि माझ्या जीएसटी रिटर्नमध्ये, म्हणजे सरकारकडेच आहेत.

हे कसं घडू शकतं ते समजून घ्यायला मी बरंच वाचलं, वकिलांनाही विचारलं. मध्य प्रदेशात विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाखांची मर्यादा आहे, लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाखांची. पक्षाला मर्यादाच नाही. एका पक्षाने राज्यातल्या सगळ्या 230 जागा लढवल्या तर उमेदवारांच्या खर्चाची बेरीज 92 कोटींच्या वर जायला नको, पण पक्षाने स्वतःच्या नावावर 500 कोटी उडवले तरी कायदा त्याला अडवत नाही. मग कोणता उमेदवार आपल्या वहीत खरा आकडा लिहील? मर्यादा उमेदवाराच्या वहीला आहे, म्हणून ती वही लहान होते आणि आमचं बिलही तिच्याबरोबर कापलं जातं.

ही फट कोणी आणि कधी पाडली तेही नोंदलेलं आहे. 1974 च्या ऑक्टोबरमध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच खर्चात धरला पाहिजे. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून तो निकाल निष्प्रभ केला आणि मागोमाग कायदाही बदलून पक्षाच्या खर्चाला उमेदवाराच्या हिशोबातून सूट दिली. 2003 मध्ये ती सूट कमी करून मुख्यतः नेत्यांच्या प्रवासापुरती ठेवली. उमेदवार मंचावर असेल तर सभेचा खर्च त्याच्या नावावर, हा नियम आज आहे. पण तो लावायचा कोणी? सभेत आयोगाचा कॅमेरावाला होता. अशी चित्रफीत काढताना खुर्च्या, मंच, गाड्या दिसल्या पाहिजेत अशी आयोगाचीच सूचना आहे. माझ्या चार हजार खुर्च्या त्या फितीत आहेत. मग सातशेचं बिल मान्य झालंच कसं?

तुम्ही म्हणाल, निवडणूक याचिका करायची होती. मी मतदार आहे, करू शकले असते, उच्च न्यायालयाचं खंडपीठही ग्वाल्हेरातच आहे. पण मुदती बघा. याचिका निकालापासून 45 दिवसांत. उमेदवाराचा हिशोब 30 दिवसांत. म्हणजे हिशोब आल्यावर नागरिकाच्या हातात उरतात 15 दिवस. आणि पक्षाचं विवरण 75 दिवसांत, लोकसभेला 90 दिवसांत. पक्षाचा कागद येतो तेव्हा न्यायालयाचं दार बंद होऊन महिना झालेला असतो. ज्याने कुणी हे दिवस ठरवले त्याने कधी कोणाची उधारी वसूल केली असेल असं मला वाटत नाही.

आयोगाकडे तक्रार? केली, हिंदीत, दोनदा. पोच मिळाली. वकील म्हणाले, धीर धरा, आणि त्यांनी आमच्या शेजारच्या दतियाचं उदाहरण दिलं. 2008 च्या निवडणुकीतल्या पेड न्यूजच्या खर्चावरून तिथल्या आमदारांना आयोगाने अपात्र ठरवलं ते 2017 मध्ये, आणि 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कोण बरोबर, कोण चूक, हे मी सांगणार नाही. पण नऊ वर्षं? नऊ वर्षांत माझा धाकटा मुलगा चौथीतून कॉलेजात गेला.

आणि शिक्षा तरी काय? हिशोब ठेवलाच नाही तर जुन्या दंडसंहितेत दंड होता पाचशे रुपयांपर्यंत. 2024 च्या जुलैपासून न्याय संहिता आली, तिच्यात तो पाच हजारांपर्यंत झाला. हिशोब वेळेत किंवा ठरल्या रीतीने दिला नाही तर तीन वर्षं अपात्रता आहे, पण आमच्या माणसाने तो वेळेत दिला. खोटा दिला, पण वेळेत दिला. मी जीएसटी एक दिवस उशिरा भरला असता तर विलंब शुल्क आणि व्याज लागलं असतं. माझ्यावर सरकारची इतकी बारीक नजर आहे, मग त्यांच्यावर का नाही? कायदे करणारे आणि कायद्यातून सुटणारे एकाच बाकावर बसतात म्हणून? मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले तेव्हा घरात मुलं आनंदाने बातम्या बघत होती. पक्षांकडे पैसा कुठून येतो यावर सगळा देश बोलला. तो पैसा जातो कुठे, यावर कोणी बोललं नाही. तो आमच्याकडे यायला हवा असतो. टेंटवाले, लाऊडस्पीकरवाले, हलवाई, गाडीवाले, फ्लेक्स छापणारे. या एका शहरात माझ्यासारखे पन्नास टेंटवाले तरी असतील. प्रत्येकाचे पाच लाख अडकले असं धरलं तर अडीच कोटी झाले. मोजणी मी केलेली नाही, पण दौलतगंजात आणि बाड्याभोवती ज्या-ज्या दुकानात गेले तिथे डोकं हलवणारा माणूस भेटला. नाव सांगायला एकही तयार नाही. पुढच्या निवडणुकीत काम मिळणार नाही ही भीती. आमच्या घरीही हाच वाद झाला. यजमान म्हणाले, लिहू नकोस.

मी मागते ते फार नाही. पक्षाच्या खर्चालाही मर्यादा घाला, त्यासाठी लोकप्रतिनिधित्व कायदा बदलावा लागेल आणि ते काम तुमच्या मंत्रालयाचं आहे. उमेदवाराच्या आणि पक्षाच्या हिशोबातलं प्रत्येक बिल विक्रेत्याच्या जीएसटी रिटर्नशी ताडून बघा. दोन्ही कागद सरकारजवळच असतात, शेजारी ठेवायला कितीसे कष्ट पडतात? हिशोब मंजूर करण्याआधी ज्याचं बिल लावलं आहे त्याला एक नोटीस पाठवा: तुमच्या नावाने हे बिल आलं आहे, ते खरं आहे का, पैसे मिळाले का? मला तेव्हा असं पत्र आलं असतं तर त्याच दिवशी वही घेऊन हजर झाले असते. आणि याचिकेची मुदत पक्षाचं विवरण आल्यानंतर मोजा.

तक्रारी हिंदीत लिहिल्या, त्यांचं काय झालं ते वर सांगितलं. म्हणून या वेळी मराठीत लिहिलं आहे, इथल्या आणि महाराष्ट्रातल्या माझ्या माणसांना दिसेल असं. हिंदी प्रत मंत्रालयाच्या पत्त्यावर रजिस्टर्ड टपालाने वेगळी पाठवली आहे.

मंगळवारच्या फोनला मी उत्तर दिलं आहे: मागचे 5,60,800 रुपये बँकेत जमा झाल्याशिवाय एक खुर्ची गोदामाबाहेर जाणार नाही. त्यानंतर फोन आलेला नाही. सत्कार येत्या रविवारी आहे, सामान दुसऱ्या कोणाकडून तरी गेलंच असेल. त्या दुकानदाराला माझा निरोप आहे की शिक्का मारलेलं कोरं बिल देऊ नका.

मूळ बिल, जीएसटीचं चलान आणि एक रुपयाची पावती यांच्या झेरॉक्स हिंदी प्रतीला जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याजवळ आहेत. चौकशीला बोलावलंत तर दिल्लीपर्यंत स्वतः घेऊन येईन, टपालाने पाठवणार नाही.

आपली,
टेंट हाऊसची वही लिहिणारी एक मतदार
लष्कर, ग्वाल्हेर