आबा, इथे चॅम्पियन मतांनी ठरायचा

कोलंबस, ओहायो
२५ जानेवारी २०२५

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर इथल्या कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलबद्दल तुम्ही विचारलंत, "मतं टाकून चॅम्पियन ठरवत्यात? मग एवढं मैदान कशाला बांधलंय?" मी सांगायला तोंड उघडलं आणि तुमचं कानातलं यंत्र कुईं करायला लागलं. म्हणून हे पत्र. दादा छापून देईल, अक्षर मोठं ठेवायला सांगितलंय. चहा घेऊनच बसा, लांबणार आहे.

आधी बातमी. आमचं गाव जिंकलं. सोमवारी, २० तारखेला, अटलांटात आमच्या विद्यापीठाच्या संघाने, ओहायो स्टेटने, नोटर डेम विद्यापीठाला अंतिम सामन्यात ३४-२३ असं हरवलं. हाडं गोठवणाऱ्या थंडीत पोरं रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर बोंबलत होती. उद्या स्टेडियमवर सत्कार आहे. मी जाणार नाही, मागच्या महिन्यातली सर्दी अजून छातीतून हललेली नाही.

हा फुटबॉल म्हणजे तुमचा फुटबॉल नव्हे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चेंडू न सोललेल्या नारळासारखा, पायाचं काम नावाला, बाकी सगळी अंगाला अंग भिडवून ढकलाढकली. खेळणारी पोरं कॉलेजातली, आणि आमच्या विद्यापीठाचं मैदान १,०२,७८० माणसांचं. घोड्याच्या नालेच्या आकाराचं, १९२२ पासून उभं आहे. आपलं कोल्हापूरचं शाहू स्टेडियम त्यात किती वेळा बसेल ते तुम्हीच मोजा.

आता मतांची भानगड. यंदा वरच्या दर्जाचे संघ १३४ आणि हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला सामने फक्त १२. आपल्या पेठांचे संघ एकाच मैदानावर एकमेकांना भिडतात, लपायला जागा नाही. इथे फ्लोरिडाचा संघ आणि ओरेगनचा संघ दहा-दहा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मग मोठं कोण? १९३६ पासून असोसिएटेड प्रेसचे पत्रकार क्रमवारी लावायला लागले, १९५० पासून प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी आली. हंगाम संपताना ज्याचा पहिला नंबर तो देशाचा विजेता. दोन याद्यांत दोन नावं आली तर विजेते दोन. १९९७ मध्ये तसंच झालं, पत्रकारांनी मिशिगनला टिळा लावला आणि प्रशिक्षकांनी नेब्रास्काला.

शेवटी 'बाउल' नावाचे सामने व्हायचे. सगळ्यात जुना पॅसाडेनाचा रोझ बाउल, १९०२ चा. हे म्हणजे आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्या समजा. प्रत्येक गावचा फड वेगळा, कमिटी आपल्या मर्जीने जोड लावणार, जिंकेल त्याला त्या गावचं इनाम. आणि सगळ्या जत्रा उरकल्यावर महाराष्ट्र केसरी कोण, हे पेपरवाल्यांनी घरी बसून ठरवायचं! तुम्ही असतात तर पेपर जाळला असता.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. एकटेच असतात. माझ्या गाडीवरचा बर्फ न सांगता झाडून ठेवतात, मी त्यांना थालीपीठ देते, ते त्यावर मेपलचा पाक ओतून खातात. (आईला सांगू नका.) १९७३ मध्ये ते इथे शिकत होते. त्या सालाचं नाव काढलं की दोन तास गेले म्हणायचं.

ओहायो स्टेट आणि मिशिगन यांचं वैर म्हणजे मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ, फक्त मधे तीन तासांचा रस्ता. त्या साली दोघंही एकही सामना न हरता शेवटच्या शनिवारी समोरासमोर आले आणि सामना १०-१० बरोबरीत सुटला. या दोघांच्या गटातून रोझ बाउलला एकच संघ जायचा, आणि दुसऱ्या कुठल्या बाउलला जायची तेव्हा परवानगीच नव्हती. मग दुसऱ्या दिवशी गटातल्या दहा विद्यापीठांच्या क्रीडाप्रमुखांनी मतं टाकली. सहा विरुद्ध चार, ओहायो स्टेट. कारण काय, तर मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे सगळी चाल ज्याच्या हातातून सुरू होते तो पोरगा, डेनिस फ्रँकलिन, त्याचं त्या सामन्यात गळपट्टीचं हाड मोडलं होतं. त्याच्याशिवाय मिशिगन पॅसाडेनात नाक कापून घेईल, असा हिशेब. एकही सामना न हरलेला संघ घरी बसला. आजोबा ओहायोचे कट्टर, पण हे सांगताना त्यांचाही आवाज बसतो. "आम्ही गेलो आणि ४२-२१ ने जिंकलोसुद्धा, पण ते तिकीट आम्ही मैदानात काढलं नव्हतं," म्हणतात.

त्याच साली आणखी एक गंमत. प्रशिक्षकांनी बाउल व्हायच्या आधीच अलाबामाला विजेता ठरवून टाकलं, आणि ३१ डिसेंबरला अलाबामा नोटर डेमकडून एका गुणाने हरलं. पुढच्या वर्षापासून ते शहाणे झाले आणि बाउलनंतर मतं द्यायला लागले.

तुम्ही म्हणाल, मग एवढी वर्षं बाद फेरी का नाही लावली? हाच प्रश्न मी इथे दहा जणांना विचारला. पूर्वी विद्यापीठवाले सांगायचे म्हणे, की पोरांच्या परीक्षा असतात, अभ्यास बुडेल. आणि गंमत बघा, याच खेळात खालच्या दर्जाच्या छोट्या कॉलेजांची बाद फेरी १९७३ पासून चालू आहे. त्यांच्या पोरांना परीक्षा नसतात की काय? बास्केटबॉलमध्ये तर मार्च महिन्यात ६८ संघांची बाद फेरी होते, तेव्हा कुणाला अभ्यास आठवत नाही. माझ्या मते खरं दुखणं बाउलवाल्यांचं आणि मोठ्या गटांचं होतं. जत्रा ज्याच्या गावात, गल्ला त्याचा. तो कोण सोडतो?

मग हळूहळू, कुरकुरत बदललं. १९९८ पासून मतं आणि संगणक यांची मोळी बांधून पहिले दोन निवडायचे आणि त्यांची लढत लावायची. २००४ मध्ये ऑबर्न एकही सामना न हरता बाहेर राहिलं, कारण न हरलेले आणखी दोन पुढे होते. २०१४ च्या हंगामापासून दोनाचे चार केले आणि निवडायला १३ जणांची समिती बसवली. तरी २०२३ मध्ये काय झालं? फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ जिंकलं, आपला गटही जिंकला, आणि समितीने त्यांना पाचव्या नंबरवर ठेवलं. का? तर त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय नोव्हेंबरात मोडला होता, आता हा संघ तसा राहिला नाही, म्हणून.

आबा, पन्नास वर्षं! गळपट्टीच्या जागी पाय आला, एवढाच फरक. मी दिवसभर मोडलेली हाडं आणि फाटलेले स्नायू हाताळते, त्यामुळे असेल कदाचित, पण या दोन पोरांचं मला फार लागलं. आपलं हाड मोडलं म्हणून आपल्या अख्ख्या संघाला दार बंद झालं, हे वीस-एकवीस वर्षांच्या पोराने कुठे ठेवायचं? पुढे फ्लोरिडा स्टेट बाउलमध्ये जॉर्जियाकडून ६३-३ असं हरलं तेव्हा लोक म्हणाले, बघा, समितीचं बरोबर होतं. कसलं बरोबर! मन मोडल्यावर बरेच खेळाडू उतरलेच नव्हते.

यंदापासून चाराचे बारा झाले. आणि आमच्या गावाने त्याचा पुरता फायदा उठवला.

३० नोव्हेंबरला मिशिगन इथे खेळायला आलं. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरच्या 'एम' अक्षरावर लाल पट्ट्या चिकटवतात, इतका दुस्वास. मिशिगनचा हंगाम यंदा सुमार, सहा जिंकलेले, पाच हरलेले. आमचे देशात दुसरे. आणि हरले, १३-१०, स्वतःच्या मैदानावर, मिशिगनकडून लागोपाठ चौथ्यांदा. वर मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, मारामारी जुंपली, पोलिसांना तिखटाचा फवारा मारावा लागला. तुम्हाला हे वाचून घरच्यासारखं वाटेल. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. प्रशिक्षक रायन डे यांना हाकला, ही मागणी तर मी भाजीच्या दुकानातही ऐकली.

आजोबांच्या तरुणपणी असतं तर वर्ष तिथेच संपलं असतं. गेल्या वर्षीपर्यंतची चारांची पद्धत असती तरीही संपलं असतं, कारण आमचे सहाव्या नंबरवर घसरले होते. बारांत मात्र बसले. २१ डिसेंबरला टेनेसीला इथेच ४२-१७, मग पॅसाडेनात ओरेगनला ४१-२१, मग टेक्सासला २८-१४, मग अटलांटा. टेनेसीच्या सामन्याला मी गेले होते, ती सर्दी तिथलीच. शून्याखाली थंडी, रात्री आठची वेळ, आणि टेनेसीवाले इतके आले होते की निम्मं स्टेडियम भगवं दिसत होतं. क्षणभर वाटलं, आपलीच कुठली मिरवणूक निघालीय.

आता यात ओरेगनचा विचार करा. तोवर १३ पैकी १३ जिंकलेले. ऑक्टोबरात त्यांनी याच ओहायो स्टेटला ३२-३१ हरवलेलं. एक दुपार वाईट गेली आणि खेळ खलास. हे न्यायाचं आहे का? मला लगेच १९ नोव्हेंबर २०२३ आठवला. आपण दहापैकी दहा जिंकून अहमदाबादला गेलो आणि ऑस्ट्रेलियाने कप नेला. तुम्ही टीव्ही बंद करून गच्चीवर जाऊन बसलात, रात्री जेवला नाहीत. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही असं म्हणाला नाहीत की कप मतं टाकून द्यायला पाहिजे होता. शिव्या दिल्यात त्या खेळपट्टीला.

माझं म्हणणं एवढंच आहे. बाद फेरीतून सगळ्यात चांगला संघच निघतो असं नाही. शेवटपर्यंत उभा राहिलेला निघतो. पण हरलेल्याला आपण कुठे हरलो ते दाखवता येतं, त्या जागेवर बोट ठेवता येतं. १९७३ च्या मिशिगनला बोट ठेवायला जागाच नव्हती. आणि भांडण काही मिटलेलं नाही, समिती आहेच. फक्त पूर्वी तिसरा रडायचा, मग पाचवा, आता तेरावा रडतो. तेराव्याचं रडणं मला ऐकवतं. दोन-तीन सामने हरून आलेल्याला दार बंद झालं तर त्याने थोडं रडावं.

आजोबांना हे पटत नाही. ते म्हणतात, पूर्वी एक हार म्हणजे वर्षाचं वाटोळं, म्हणून तर सप्टेंबरातला शनिवारसुद्धा गळ्याशी यायचा. आता मिशिगनकडून हरलं तरी चालतं, मग त्या शनिवारचं काय राहिलं? याला माझ्याकडे खरंच उत्तर नाही. ती किंमत मोजावी लागतेच. मी त्यांना सांगितलं, बारा जास्त होतात, आठ करा. पहिल्या फेरीचे चारही सामने दहा किंवा जास्त गुणांच्या फरकाने सुटले, त्यात कसली चुरस? ओबामांनीही २००८ मध्ये निवडून आल्या आल्या आठच म्हटलं होतं. पण ऐकतो कोण! २०२६ पासून टीव्हीवाले या बाद फेरीचे वर्षाला १.३ अब्ज डॉलर देणार आहेत, आणि आत्ताच चौदा करा, सोळा करा अशी कुजबुज चालू आहे. आमची पोरं यंदा १६ सामने खेळली. ही ढकलाढकली सोळा वेळा म्हणजे गुडघे आणि खांदे काय होतात ते मला विचारा. आता त्यांना थोडेफार पैसे मिळतात, २०२१ पासून, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

मंगळवारी सकाळी आजोबा बर्फ ओढत होते, डोक्यावर लाल टोपी, चेहरा उजळलेला. मी मुद्दाम विचारलं, हा कप परत दिला आणि त्या दिवशीचा मिशिगनचा सामना जिंकून मिळाला, तर घ्याल? फावडं टेकवून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "नोव्हेंबरात सांगतो." पुढचा सामना मिशिगनच्या गावात आहे.

आईच्या गुडघ्याला शेक चालू ठेवायला सांगा, आणि मी दाखवलेला व्यायाम मोजून दहा वेळा, पाच वेळा करून दहा म्हणायचं नाही. इथे शेंगदाण्याच्या लोण्याचे गोळे चॉकलेटात बुडवून 'बकाय' नावाची मिठाई करतात, पुढच्या महिन्यात ओळखीचे एक जण येणार आहेत त्यांच्याबरोबर डबा पाठवते. तुम्ही दोनच खायच्या, बाकी दादाच्या पोरांना. आणि शाहू स्टेडियमवर यंदा आपल्या पाटाकडील तालमीच्या संघाचं कसं चाललंय ते सविस्तर कळवा. दादा नुसता निकाल पाठवतो, गोल कुणी कसा मारला ते सांगत नाही.

तुमची,
माई