दोर्दोन्यच्या काठचे गड आणि पळण्याच्या वाटा

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत की डोंगराळ मुलखात पळायची वाट ठरवतात कशी आणि त्यात जुने किल्ले कसे बसवतात. आईचा प्रश्न निराळा होता: रानात एकटीला काही झालं तर? फोनवर दोन्हींची उत्तरं अर्धवट राहिली, म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही इकडे याल तेव्हा हाच भाग दाखवायचा आहे, तेव्हा हे पत्र जपून ठेवा.

फ्रान्सच्या नैऋत्येला पेरिगोर म्हणून प्रदेश आहे. त्यातून दोर्दोन्य नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वळणं घेत जाते. खडक चुनखडीचा, त्यामुळे नदीने काठ उभे कापत नेलेत. नदीचं पात्र समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटरवर आणि वरचं पठार दोनशेच्या थोडं वर. आपल्या हिशेबाने हे डोंगरसुद्धा नव्हेत. पण बेनाक, कास्तेलनो, ला रोक-गाजाक आणि दोम ही चारही गावं नेमकी कड्यांच्या टोकावर किंवा कड्यांना चिकटून वसलेली, कारण नदीवर नजर तिथूनच राहते. म्हणून इथे पळताना चढ कुठे येणार हे शोधावं लागत नाही. जिथे गड, तिथे चढ. चारही गावं एकमेकांपासून चार ते आठ किलोमीटरांवर आहेत, त्यामुळे एका सकाळच्या फेरीत सगळी जोडता येतात.

ही फेरी सुमारे २५ किलोमीटरची आणि एकूण चढ ६०० ते ७०० मीटर. आतकरवाडीहून सिंहगड चढलात तर जवळपास तेवढीच उंची होते. फरक इतकाच की सिंहगडाला ती एका दमात चढतो आणि मग उतरतो, इथे ती चार-पाच तुकड्यांत येते आणि प्रत्येक तुकड्यानंतर उतार असतो. दम कमी लागतो, मांड्या मात्र जास्त दुखतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, आणि पाय दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाहीत ते यामुळे. पहिल्या दोन उतारांवर वेग आवरला तर शेवटचे सहा किलोमीटर पळता येतात, नाहीतर चालावे लागतात.

वेळेचा अंदाज बांधायला इकडचे डोंगरात पळणारे एक साधा हिशेब करतात: दर १०० मीटर चढाला एक सपाट किलोमीटर धरायचा. म्हणजे २५ अधिक साडेसहा, साधारण साडेएकतीस. सपाटीवर किलोमीटरला साडेसहा मिनिटं लागत असतील तर तीन तास पंचवीस मिनिटं. त्यात फोटो, पाणी आणि गावातलं रेंगाळणं मिळवा, की चार तास होतात. मी घरी निरोप ठेवताना हाच आकडा देते आणि त्यावर एक तास वाढवून सांगते.

सुरुवात बेनाकहून, नदीकाठच्या वाहनतळापासून. गडावर जाणारी दगडी गल्ली इतकी उभी आहे की पहिल्याच दहा मिनिटांत नाडी वर जाते, म्हणून ती चालतच चढायची. हात गुडघ्यांवर टेकून, छोटी पावलं टाकत. फेरी उलट्या दिशेने केली तर हीच गल्ली थकल्या पायांनी उतरावी लागते, आणि ते धोक्याचं आहे. शतकानुशतकांच्या पावलांनी हे दगड गुळगुळीत झालेत, सावलीत त्यांवर शेवाळाचा पातळ थर असतो, आणि पाऊस पडला की बुटांची कितीही चांगली पकड असो, उपयोग होत नाही. वर बेनाकचा किल्ला नदीपासून सुमारे १५० मीटर उंच कड्यावर आहे. शंभर वर्षांच्या युद्धात, म्हणजे १३३७ ते १४५३ या काळात, हा बहुतेक काळ फ्रेंचांकडे होता आणि समोरच्या काठावरचं कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे. मध्ये फक्त नदी. वरून बघितलं की नदीच सरहद्द कशी होती हे पुस्तकाशिवाय समजतं.

बेनाकहून वेझाकच्या बाजूने खाली उतरून पूल ओलांडला की कास्तेलनो. पूल ओलांडेपर्यंत थोडा रस्ता गाड्यांचा आहे. फ्रान्समध्ये गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून गावाबाहेर पायी माणसाने डाव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून चालायचं. हा तिथला नियमच आहे. बाबा, तुमची सवय नेमकी उलटी, तेव्हा हे आधीच लक्षात ठेवा. कास्तेलनोच्या किल्ल्यात मध्ययुगीन युद्धसामग्रीचं संग्रहालय १९८५ पासून आहे, आणि आवारात दगडफेकीची प्रचंड लाकडी यंत्रं मूळ मापात उभारून ठेवली आहेत. पळताना आत जायला वेळ नसतो, पण तुम्ही दोघांनी अर्धा दिवस काढावा असं हे ठिकाण आहे.

पुढचा कास्तेलनो ते सेनाक (दोमच्या पायथ्याचं गाव) हा सर्वांत लांब टप्पा. सेऊ नावाची उपनदी ओलांडायची, मग ओक आणि चेस्टनटच्या रानातून वर जायचं आणि नदीच्या वळणातल्या सपाट शेतांत उतरायचं. रस्ता चुकतो तो इथेच. खुणा वाचता आल्या पाहिजेत. लांब पल्ल्याच्या जीआर वाटांना पांढरा-तांबडा पट्टा असतो, स्थानिक छोट्या फेऱ्यांना पिवळा. जीआर वाटेवर दोन आडव्या पट्ट्या म्हणजे वाट बरोबर, पट्ट्यांखाली वळलेला बाण म्हणजे वळा, आणि फुली म्हणजे इकडे जाऊ नका. पळताना नजर जमिनीवर असते आणि खूण झाडावर, त्यामुळे उतारावर फाटा हमखास सुटतो. पाच मिनिटांत एकही खूण दिसली नाही तर मागे फिरायचं, पुढे सापडेल म्हणून जात राहायचं नाही. मी नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवते, कारण रानातल्या घळींत सिग्नल जातो. फ्रान्सच्या भूमापन संस्थेचे १:२५,००० प्रमाणाचे नकाशे यासाठी उत्तम. त्यांवर जुनी चॅपेल, गुहा, पडके बुरूजसुद्धा दाखवलेले असतात. समोच्चरेषा एकमेकींना खेटून दिसल्या की समजायचं, तिथे कडा आहे.

आता दोम. या फेरीतली माझी सर्वांत आवडती जागा. राजा तिसरा फिलिप याने १२८१ साली वसवलेलं हे तटबंदीचं गाव. तीन बाजूंनी तट आणि वेशी, उत्तरेला मात्र तट नाही, कारण तिकडे सरळ नदीत उतरणारा कडा. तिकडून कोण येणार, असं सगळ्यांना वाटायचं. ऑक्टोबर १५८८ मध्ये जोफ्रुआ द विवां नावाचा प्रॉटेस्टंट सरदार तीसेक माणसं घेऊन रात्री तोच कडा चढला, गावात शिरला आणि आतून वेशी उघडून त्याने दोम घेतलं. तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा चढले ते १६७० साली, म्हणजे त्यानंतर ८२ वर्षांनी. दोन्हीकडे पहारेकऱ्यांचा भरवसा कड्यावरच होता. बाबा, तुम्ही तिथे उभे राहून खाली बघावं असं फार वाटतं.

सेनाकहून दोमची चढण साधारण दीडशे मीटरची, दीडेक किलोमीटरमध्ये, म्हणजे सरासरी दहा टक्के. ज्यांचा चांगला सराव आहे त्यांनीही तीस पावलं पळून तीस पावलं चालावं. एकसारखं पळण्यापेक्षा वेळ फारसा जास्त लागत नाही आणि पिंढऱ्या शाबूत राहतात. गावात पूर्वेला ‘बुरुजांची वेस’ आहे. १३०७ नंतर पकडलेल्या टेंपलर या ख्रिस्ती लढाऊ पंथाच्या शूरवीरांना तिथे कोंडलं होतं असं सांगतात. आतल्या भिंतींवर कोरलेल्या आकृत्या आहेत. उतरताना पायवाट टाळून रस्त्याच्या वळणांनी यावं. अंतर वाढतं, पण गुडघ्यांवरचे हादरे कमी होतात. पावलं आखूड, अंग किंचित पुढे, टाच आधी आपटायची नाही.

सेनाकचा पूल ओलांडून ला रोक-गाजाक. गाव दक्षिणमुखी कड्याला पाठ टेकून आहे, त्यामुळे हिवाळ्यात ऊबदार आणि उन्हाळ्यात भट्टी. दगड तापले की अकरानंतर तिथून पळू नये. कडा दिसतो तितका स्थिरही नाही: जानेवारी १९५७ मध्ये दरड कोसळून तीन माणसं गेली होती. कड्याखाली बांधलेल्या नदीकाठच्या रस्त्यावर पर्यटकांच्या बसगाड्या असतात, कडेला जागा कमी. म्हणून गाव संपताच नदीकाठ सोडायचा आणि आतल्या छोट्या रस्त्यांनी वेझाकमार्गे बेनाकला परतायचं. नदीकाठाने सपाट वाट मिळते या मोहाने लोक तिकडेच राहतात. माझ्या मते ते चुकीचं आहे.

पाणी. गार हवेत तासाला अर्धा लिटर, उन्हात पाऊण. मी दीड लिटर बरोबर घेते आणि सेनाकमध्ये भरून घेते. इकडच्या पळणाऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे गावच्या दफनभूमीत बहुतेक वेळा नळ असतो. मात्र ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी प्यायचं नाही. गावातली बेकरी आठवड्यातून एक-दोन दिवस बंद असते, दुपारी दुकानं मिटतात, म्हणून खाणं विकत मिळेल या भरवशावर निघू नये. तासाला चाळीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की यापेक्षा चांगलं काही नाही. उन्हात चॉकलेट वितळतं, चिक्की टिकते.

आई, आता तुझ्या प्रश्नाकडे. इकडे एकच नंबर लक्षात ठेवायचा: ११२. युरोपभर चालतो, फुकट आहे. मी निघताना फोनवरून माझं चालतं ठिकाण घरी पाठवते, शिट्टी आणि चंदेरी आपत्कालीन पांघरूण पिशवीत असतं. जंगली जनावरांची भीती नाही, दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावी लागते. पहिली शिकार. सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मुख्य हंगाम असतो, रानडुकरं आणि हरणं हाकून मारतात. त्या दिवसांत भडक नारिंगी बंडी घालायची, आणि ‘शास आँ कूर’, म्हणजे शिकार चालू, असा फलक दिसला की वाट बदलायची. दुसरी गोचीड. उंच गवतातून गेल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, कंबरपट्ट्याखाली तपासायचं. चिकटलेली दिसली तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आकड्याने हळू फिरवत काढायची. तेल, स्पिरिट लावायचं नाही. त्याने ती तिच्या पोटातलं उलट आपल्याच रक्तात सोडते. नंतरच्या दिवसांत तिथे लाल वर्तुळ पसरू लागलं तर लगेच डॉक्टरकडे, कारण तो लाइमचा आजार असू शकतो, आणि वेळेवर प्रतिजैविकं घेतली की तो बरा होतो.

ऋतूचं म्हणाल तर एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. शरदात सकाळी नदीवर दाट धुकं असतं आणि दहा-अकराला वर सरतं. दोमचा कडा त्या वेळी धुक्याच्या वर असतो, खालच्या वाटेवर मात्र पानांखालचे दगड दिसत नाहीत. त्याच दिवसांत चेस्टनटची काटेरी बोंडं आणि अक्रोडाची सालं वाटेवर पडतात, पाय मुरगळतो तो त्यांवर. शेतातले अक्रोड उचलायचे नाहीत, ते शेतकऱ्याचं पीक आहे.

तुमच्यासाठी मी वेगळी आखणी केली आहे. बोर्दोहून सार्लापर्यंत थेट रेल्वे आहे, मुक्काम तिथेच. सार्लाच्या जुन्या गल्ल्या सपाटच म्हणायला हव्यात. बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो. सार्लाहून कार्साककडे जुन्या रेल्वेमार्गावर केलेली डांबरी वाट आहे. आगगाडीची असल्याने चढ नावापुरता, गाड्यांना बंदी, त्यामुळे बाबांच्या गुडघ्याला ती मानवेल. जाऊन-येऊन सहा-सात किलोमीटर पुरे. दोमला वर गाडीनेच जायचं आणि कड्यावरच्या बाकावर बसायचं, तेवढ्यात मी खालून पळत येईन. ला रोकहून सपाट तळाच्या लाकडी होड्या तासाभराची फेरी मारतात, त्यातून गड खालून दिसतात.

तिकीट काढताना जूनचा पहिला पंधरवडा बघा. मेमध्ये इकडे सुट्ट्या फार, खोल्या मिळत नाहीत, आणि जुलै-ऑगस्टचं ऊन तुम्हाला झेपायचं नाही. बाबा, नवे बूट आणू नका, तुमचे रोजच्या फिरण्याचेच आणा, आणि गुडघ्याच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या की रोज सात किलोमीटर चालेल ना. आई, चिक्की एक किलो पुरेल. गुळाचीच आण.

तुमची,
मनू