सोलापूरच्या फिजिओ मॅडमना, आमच्या घरून

मॅडम नमस्कार, नाव लिहीत नाही कारण तुम्हाला ते आवडायचं नाही, पण वाचलं की कळेलच. बाईकवरून पडलेला, मेंदूला सूज म्हणून कवटीचं हाड काढून पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलेला पेशंट आठवतोय का, त्याचा धाकटा भाऊ मी.

ऑपरेशन सरकारच्या फुले योजनेत फुकट झालं, डॉक्टरांनी जीव वाचवला, ते उपकार आहेतच. पण डिस्चार्जच्या वेळी दादाच्या नाकात नळी, उजवी बाजू लुळी, तोंडातून शब्द नाही, आणि कागदावर नुसतं 'फिजिओथेरपी चालू ठेवा'. खेड्यात कुठं चालू ठेवायची? तेव्हा तुम्ही आईला बेडजवळ उभं केलं आणि सगळं तिच्याच हातनं करून घेतलं, दर 2 तासांनी कूस कशी बदलायची, नळीतून पातळ देताना डोकं वर का पाहिजे, नंतर लगेच आडवं का करायचं नाही. आई म्हणत होती मला अडाणीला नाही जमायचं. पण दादाला पडून पडून होते ती जखम, बेडसोर, एकसुद्धा झाली नाही मॅडम!

बोलणं परत शिकवणारा स्पीच थेरपिस्ट तर आमच्याकडं शोधून सापडत नाही. तुम्ही फोनवर म्हणालात, नाव विचारून छळू नका, लहानपणी पाठ केलेलं म्हणून बघा. आई 'बे दुणे' म्हणून थांबली आणि हा गडी 'चार' म्हणाला! पाणी मागता येईना पण बेचा पाढा वीसपर्यंत, आम्ही हसतोय की रडतोय तेच कळंना.

चालायला लागल्यावर गाव म्हणालं, झाला की बरा. घरात मात्र ताट फेकायचा, वहिनीवर धावून जायचा, एकानं तर देवऋषीकडं न्या म्हणून सांगितलं. वहिनी बॅग भरून बसली होती. तुम्ही तिला समजावलंत की तो मुद्दाम करत नाही, राग आवरायचं काम मेंदूचा पुढचा भाग करतो आणि मार तिथंच बसलाय, टीव्ही बंद ठेवा, एका वेळी एकानंच बोला. हे आम्हाला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

आणि ते दिव्यांग सर्टिफिकेट. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार, पण डोक्याचा मार असा वेगळा प्रकारच नाही, आम्ही नुसता हातपाय दाखवून परत आलो असतो, वाचा गेलेलीपण त्यात धरतात हे तुम्हीच सांगितलंत.

हाड परत बसवलं. आता दुकानात बसतो, सुट्ट्या पैशांत चुकतो, गिऱ्हाईक सांभाळून घेतं.

फी घेतली नाहीत, निदान हुरड्याला तरी या. दादा स्वतः फोन करणार आहे, वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो त्याला, तेवढं फोन ठेवू नका.