महिला मंडळाचं आवाहन : ऑक्सिजन मशीन आणि आजाऱ्यांच्या सेवेसाठी मदत हवी आहे

प्रिय बंधुभगिनींनो, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आगमनकाळाची तयारी, नाताळच्या गाण्यांची प्रॅक्टिस, त्यात लग्नसराई, सगळ्यांचीच घाई चाललीय, तरी हे पूर्ण वाचा, अर्ध्यावर सोडू नका. मंडळाचं ऑक्सिजनचं मशीन गेलंय. बटण दाबलं की चालू होतं, घरघर येते, नळीतून हवापण येते, पण त्या हवेत ऑक्सिजन पुरेसा नसतो. मेकॅनिकने सांगितलं की आत नायट्रोजन शोषून घेणारे बारीक खडे असतात, ते वापरून आणि दमट हवेनं निकामी झालेत. गेल्या महिन्यात आपल्या टांगेवाल्या आजोबांना मशीन लावलेलं असूनही बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा 86 च्या वर जाईना, सिस्टर मावशींच्या ते लक्षात आलं म्हणून बरं, रात्रीच रिक्षा बोलवून त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. प्रभूची कृपा, आजोबा घरी आलेत. पण आता थंडी सुरू झालीय आणि दम्याचे पेशंट आपल्या वस्तीत किती आहेत ते तुम्हाला मी काय सांगणार.

मंडळाच्या बाया काय करतात ते बहुतेकांना माहीतच आहे, तरी लेकीसुना नव्याने आल्यात त्यांच्यासाठी सांगते. आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे दारात उभं राहून प्रार्थना करून परत फिरायचं असं आपल्या बाया कधीच करत नाहीत. प्रार्थना तर होतेच, पण आधी साडी खोचून कामाला लागतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर कमरेला, टाचेला जखमा होतात आणि एकदा पाठीला जखम झाली की ती भरता भरत नाही. एकटी सून किती वेळा बदलेल? म्हणून आपल्या बायांनी वेळा वाटून घेतल्यात, दुपारची एक, संध्याकाळची एक. पावडर लावायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, एअर बेडची मोटर चालू आहे ना बघायचं, आणि मग त्या सुनेला म्हणायचं, जा बाई, तू तासभर झोप. ही तासभर झोप म्हणजे माझ्या मते आपल्या मंडळाची सगळ्यात मोठी सेवा आहे. ज्या घरात मयत होतं तिथं पहिले तीन दिवस पिठलं-भाकरी आपलीच जाते. सिव्हिलला बाहेरगावचे पेशंट येतात त्यांच्या नातेवाईकांना डबा जातो, जात धर्म कोणी विचारत नाही. पाथर्डीकडची माणसं ऊसतोडीला गेली की म्हातारी माणसं आणि पोरं मागं राहतात, त्यांच्याकडंही दोघीजणी एसटीने जाऊन येतात, तिकीट स्वतःच्या पैशाने.

हे काही आपण नवीन काढलेलं नाही, आपल्या नगरच्या मातीतच हे आहे. सिंथिया फरार बाई 1827 ला अमेरिकेतून मुंबईला आल्या, बिनलग्नाची एकटी मिशनरी बाई, 1839 ला नगरला येऊन मुलींना शिकवत राहिल्या आणि 1862 ला इथंच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं ट्रेनिंग फरार बाईंकडेही घेतलं. पुढे पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली, बाया केडगावला आणल्या (दौंडजवळचं केडगाव, आपलं नगरचं नव्हे), ते मुक्ती मिशन आजही चालू आहे. लक्ष्मीबाई टिळक आपल्याच शहरात राहिल्या, प्लेगाला घाबरून लोक घरं सोडत होते तेव्हा त्या आजाऱ्यांच्या सेवेत होत्या. ह्यांची नावं सगळ्यांना पाठ आहेत. पण खेडोपाडी चालत जाऊन बायबल सांगणाऱ्या बायबल बाया, बऱ्याचशा विधवा, ज्यांनी बायकांना ओट्यावर बसून अक्षरं शिकवली, बाळंतिणीजवळ रात्र काढली, त्यांची नावं कोणाला माहीत आहेत? आपल्यातल्या कितीतरी जणींच्या पणज्या त्यात होत्या. बायबलमधल्या यापो गावच्या दुर्कसबाईवर दरवर्षी महिला रविवारी संदेश होतो, ती विधवांसाठी कपडे शिवायची म्हणून. दुर्कसबाया आपल्यात आजही आहेत, त्यांना फक्त साधनं द्या.

आणि ज्यांनी आजवर दिलं त्यांचे उपकार मंडळ विसरलेलं नाही. थोरल्या मास्तरीणबाईंनी पेन्शनमधून पहिला एअर बेड दिला, तेव्हा मंडळाकडं एक वॉकरसुद्धा नव्हता, आज बाई नाहीत पण तो बेड चार घरं फिरून अजून चालतोय, फक्त दोनदा पंक्चर काढलंय. दुबईच्या भाऊंनी कोविडमध्ये मशीनचे पैसे एका फोनवर पाठवले, का, कशाला, काही विचारलं नाही. तेव्हा बूथ हॉस्पिटलात कोविडचे पेशंट होते, शहर बंद होतं आणि आपल्या बाया घरात बसून मास्क शिवत होत्या आणि डब्यांची पोळी लाटत होत्या. वेल्डिंगवाल्या चाचांनी लोखंडी कॉट दुरुस्त करून दिली, मजुरी घ्यायला तयार होईनात, म्हणाले आमच्या अम्मीला तुमच्याच बायांनी सांभाळलं. सिस्टर मावशी रिटायर होऊनही रोज दोन घरी ड्रेसिंगला जातात, गुडघे दुखतात तरी. आणि कापणीच्या सणाचा तो भोपळा! तरुण संघाच्या पोरांनी बोली लावून घ्यायचा, परत वेदीजवळ आणून ठेवायचा, परत लिलाव, असं करत करत एका भोपळ्याचे किती पैसे झाले ते सगळ्यांनी पाहिलंय. त्या पैशातून दोन कमोड खुर्च्या आल्या. पोरांनो, मंडळाच्या आयांचा तुम्हाला आशीर्वाद आहे.

आता थोडं मनातलं बोलते, राग मानू नका. मागच्या वर्षीपण असंच आवाहन उपासनेनंतर वाचलं होतं, सगळ्यांनी मोठ्यानं आमेन म्हटलं आणि पाच मिनिटात चर्च रिकामं झालं. पेटीत जे आलं ते मोजताना खजिनदारबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. नवीन स्पीकरला, लायटिंगला पैसे जमतात, जमू देत, ते देवाच्याच घराचं आहे, पण ज्यांच्या घरी आपली कॉट सहा-सहा महिने होती, त्यांच्यापैकी काही जणांनी साधं विचारलंसुद्धा नाही की मंडळाला काय लागतं का. ह्याचं वाईट वाटतं. बाया काही बोलत नाहीत, दुसऱ्या दिवशी परत पिशवी घेऊन निघतात, म्हणून मलाच बोलावं लागतंय.

तर काय हवंय ते : नवीन 5 लिटरचं ऑक्सिजन मशीन (चौकशी केलीय, चांगल्या कंपनीचं 45,000 च्या आसपास), दोन एअर बेड, लाईट जाते म्हणून एक इन्व्हर्टर (जुना चालेल, बॅटरी चांगली हवी), ड्रेसिंगचं सामान, मोठ्या माणसांचे डायपर. पैसे खजिनदारबाईंकडे रोख किंवा चर्चच्या नोटीस बोर्डवर मंडळाच्या खात्याचा क्यूआर कोड लावलाय त्यावर, पाठवल्यावर स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका म्हणजे पावती करता येते, दुसऱ्या कुठल्या नंबरवर कोणी पैसे मागितले तर देऊ नका. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारपर्यंत द्या, मशीन नाताळच्या आत घ्यायचंय. 50 रुपये असले तरी लाजू नका, बायबलमधल्या गरीब विधवेच्या दोन टोल्या (अगदी लहान नाणी) प्रभूनेच मोजल्यात. हिशोब जानेवारीच्या मासिक सभेत बिलांसकट वाचला जाईल.

पैसे नसतील त्यांनी वेळ द्या, आठवड्यातून एक दुपार. विशेषतः चाळिशीच्या आतल्या बहिणींनो, मंडळात आता बहुतेकजणी साठीच्या पुढच्या आहेत, मोठा माणूस उचलून बसवायला दोन मजबूत हात लागतात. पुरुषांनीपण यावं, कॉट तिसऱ्या मजल्यावर चढवायला आम्ही दरवेळी कोणाच्या तोंडाकडं बघायचं? ज्यांच्याकडं मंडळाचे वॉकर, खुर्च्या वापराविना पडून आहेत त्यांनी ह्याच रविवारी आणून द्याव्यात, दोन घरं वाट बघतायत. जुन्या सुती साड्या धुऊन, फॉल काढून द्या, सिंथेटिक नको, त्या अंगाखाली घालता येत नाहीत.

आपली बहीण,
सेक्रेटरी, महिला मंडळ