ताटाची डावी बाजू कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतले आहारावरचे लेख मी नेमाने वाचते. सकाळी उठल्याउठल्या काय प्यावं, रात्री कितीच्या आत जेवावं, हे सगळं त्यांत असतं. मधल्या वेळात जे ताट समोर येतं, त्यावर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. मी नवी पेठेत मेस चालवते. स्पर्धा परीक्षांची पोरं-पोरी माझ्याकडे जेवतात. त्यामुळे थोडं मी लिहिते.

ताट वाढायची आपली रीत आहे. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. नैवेद्याला ती अजून पाळतात. रोजच्या जेवणातून मात्र डावी बाजू उडाली. लिमिटेड थाळी म्हणजे पोळ्या, एक सुकी भाजी, एक रस्सा आणि भात. लिंबू महागलं की फोड गायब, काकडी कडाडली की कोशिंबीर बंद. एक पोळी कमी पडली तर मेंबर भांडायला उठतो, कोशिंबीर गेली तर कुणी चकार शब्द काढत नाही. धंद्याचं हे गणित मला कळतं, म्हणून कुणा मेसवाल्याला नावं ठेवत नाही. घरोघरी तरी वेगळं काय चाललंय? डावीकडे उरलाय तो पाकिटातला पापड आणि बरणीतलं लोणचं, म्हणजे नेमकं मीठच.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ पुरे. सगळं धरून जेमतेम एक चहाचा चमचा. मी टेबलांवरच्या मीठदाण्या आत नेऊन ठेवल्या. सुरुवातीला कुरकुर झाली. मागितलं की देते, पण उठून मागायचा कंटाळा म्हणून बरेच जण मागतच नाहीत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. २००० कॅलरींच्या दिवसभराच्या जेवणात त्यांनी धान्य धरलंय २५० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम. आपल्या ताटात बहुधा याच्या उलट असतं, आणि भाजी म्हणून असतो तो बटाटा.

भाजी ‘खा रे’ म्हणून कुणी खात नाही, हे मी रोज बघते. पण तव्यावरची पोळी टेबलावर यायला जरा वेळ लागतो. क्लासवरून आलेलं पोर तोवर थांबत नाही, हाताशी असेल ते तोंडात टाकतं. म्हणून मी आधी कोशिंबीर वाढते, मागाहून पोळी. वाटी तेवढ्यात रिकामी होते. ‘काकू, कोशिंबीर नको’ म्हणणारेही पोळीची वाट बघता बघता ती संपवतात.

यात खर्च फार नाही, हात मात्र लागतो. कोबीच्या पचडीला भिजलेली हरभऱ्याची डाळ, काकडीला दाण्याचा कूट, गाजराला मोहरीची फोडणी, बिटाला दही. मीठ अगदी वाढताना, नाहीतर पाणी सुटून सगळा चोथा होतो. थंडीत मेथी स्वस्त झाली की मराठवाड्याकडची पोरं घोळाणा मागतात: कच्ची मेथी, कांदा, दाण्याचा कूट, तिखट-मीठ आणि वरून कच्चं तेल. सोबत भाकरी असेल तर त्या दिवशी खाडा कुणी टाकत नाही. पावसाळ्यात मात्र कच्ची पालेभाजी मी वाढत नाही, चिखल कितीही धुतला तरी मनात शंका राहते.

मुलींसाठी एक खास सांगायचंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं. आणि आमच्या गल्लीत हात धुतले की पोरी थेट टपरीवर. चहा सोडा असं मी कशाला म्हणू, मलाही दोन वेळा लागतो. तासाभराने घ्या, इतकंच सांगते. काही ऐकतात. काही ‘हो काकू’ म्हणून टपरीवरच जातात.

तर माझी विनंती अशी. आपल्या पाककृतींच्या सदरात पनीर आणि केक पुष्कळ झाले. आठवड्याला एक तरी डावीकडचा पदार्थ छापा. त्या त्या मोसमातला, मंडईत स्वस्त मिळणारा, पंधरा मिनिटांत होणारा. माझ्या वहीत अशा बऱ्याच आहेत, घोळाण्यापासून कैरी-कांद्याच्या चटणीपर्यंत. पाठवू का?

आपली,
एक मेसचालक, नवी पेठ, पुणे