ब्रेडी नव्हे, जिम ब्राउन!

संपादक महोदय,

अमेरिकन फुटबॉलचे दिग्गज रग्बी खेळले असते तर, असा विषय निघाला की लोक आधी टॉम ब्रेडीचं नाव घेतात. मी शाळेतल्या मुलांना रग्बी शिकवतो. मला हे मुळीच पटत नाही. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. आणि ब्रेडी तर क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू पुढे फेकणारा खेळाडू. मग तो करणार काय?

माझी पसंती जिम ब्राउन, चेंडू घेऊन धावणारा अमेरिकन फुटबॉलपटू. १९५७ ते १९६५ या नऊ मोसमांत क्लीव्हलँड संघाच्या या गड्याने एकही सामना चुकवला नाही. एका काखेत चेंडू दाबून दुसऱ्या हाताने तो अंगावर येणाऱ्याला बाजूला सारायचा. लॅक्रॉसमध्येही (जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ) अव्वल! अमेरिकन फुटबॉलमधल्याच बॅरी सँडर्ससारखा चपळ, बुटका गडी सात जणांच्या रग्बीत धमाल करेल.

अडचण एकच. रग्बीत अमेरिकन फुटबॉलसारखे पुढे वाट मोकळी करून देणारे साथीदार नसतात, आणि टॅकल होऊन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने धरून पाडल्यावर, चेंडू लगेच सोडायचा. मुलांच्या अंगी हे बाणवता बाणवता नाकी नऊ येतात. पण जमतं. पेट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा नेट एब्नर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून रग्बी खेळला. अर्थात, तो लहानपणापासूनच रग्बीत मुरलेला होता.

– एक रग्बी प्रशिक्षक, पुणे